मास्तरीणबाईंचे हरवलेले महिने

शिवणकामाच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. कापड बेतायचं काम त्यांचं. टेबलावर थान पसरलं, खडूच्या रेघा ओढल्या की जाड कात्री अशी चालायची, की चिंध्यासुद्धा मुठीत मावतील एवढ्याच पडत. गिऱ्हाइकाचं माप एकदा कानावरून गेलं की पुन्हा विचारायची सोय नाही. "बाईंच्या डोक्यात कपाट आहे," मालक म्हणायचे, "आणि त्याला वाळवी लागत नाही."

मग नवऱ्याच्या छातीचं दुखणं बळावलं. आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून ते उशांना टेकून बसल्याबसल्याच झोपत. बाईंचा डोळ्याला डोळा लागेना. शेवटी मुलगाच म्हणाला, "आई, मी बसतो बाबांजवळ. तू गोळी घे आणि पड बघू."

गल्लीतल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती. एकीने भागेना म्हणून बाई दोन घेऊ लागल्या. पुढे अंगाला खाज सुटली, तिच्यासाठी आणखी एक गोळी आली. तीही गुंगीचीच. पण ते विचारणार कोण? घरात सगळ्यांचं लक्ष नवऱ्याच्या खोकल्याकडे.

बाईंच्या हातून चुका व्हायला लागल्या. दूध उतू जाऊन भांडं करपलं, तरी वास कुठून येतोय ते कळेना. कारखान्यात त्यांनी एकाच कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मालकांनी त्या उचलून पाहिल्या आणि खाली ठेवल्या.

नवरा गेला. तेरा दिवसही झाले नव्हते, तोच एका सकाळी बाई स्वयंपाकघरात येऊन सुनेला म्हणाल्या, "ह्यांना चहा दिलास का गं?"

सुनेच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

आधी लोक म्हणाले, धक्का बसलाय. मग म्हणाले, वय झालं. मग कुणी काही म्हणेनासंच झालं, आणि ते सगळ्यात वाईट. मालकांनी "आता आराम करा" असं गोड बोलून घरी बसवलं. घरात गॅसचं बटण काढून ठेवू लागले. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलणं चालायचं. "त्यांना काय कळतंय आता," सून एकदा फोनवर म्हणाली. बाई तिथेच भाजी निवडत होत्या. त्यांना कळलं होतं. फक्त उत्तर जुळवेपर्यंत फोन संपला.

मुलाने वृद्धाश्रम पाहून ठेवला. तिथे घेण्याआधी मोठ्या दवाखान्यातली तपासणी हवी होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि पुढच्या खेपेला घरातली सगळी औषधं आणायला सांगितली. सुनेने पिशवी टेबलावर उलटी केली.

"ही किती दिवस घेताय?" झोपेच्या गोळ्यांचं पाकीट उचलत त्यांनी विचारलं.

"ह्यांचं दुखणं वाढलं तेव्हापासून," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई मुलाकडे वळल्या. "विसरायला होतं म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच आजार असं नसतं. थायरॉइड बिघडतं, बी-बारा कमी पडतं, माणूस मनातून खचतो. यांचं रक्त ठीक आहे. मला संशय या गोळ्यांचा येतोय. पण एकदम बंद करायच्या नाहीत हं, थोड्याथोड्या कमी करू."

ते दिवस फार वाईट गेले. हात थरथरायचे, उगाच घाबरं व्हायचं. पण हळूहळू डोक्यातलं मळभ विरलं. भाजीवालीला त्यांनी स्वतः हिशेब सांगितला, तेव्हा सून बाजूला तोंड करून रडली.

बाई कारखान्यात गेल्या. कापायच्या टेबलाशी दुसरा माणूस उभा होता. मालकांनी त्यांना खिडकीजवळ काजं-बटणं करायला बसवलं. त्या बसल्या.

डोकं ताळ्यावर आल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "ह्यांचे शेवटचे दिवस मला नीट आठवत नाहीत रे. सांग ना."

मुलगा जरा घुटमळला. "जायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला बाहेर पाठवलं. तुझ्याशीच बोलायचं म्हणाले. दार लावून बराच वेळ बोलत होते. तू बाहेर आलीस तेव्हा रडत होतीस."

बाईंना काही म्हणजे काही आठवेना. दार नाही, रडणं नाही. पुढच्या तपासणीला त्यांनी विचारलं, "ते परत येईल का हो?"

"बाकीचं सुधारलंय, आणखी सुधारेल," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पण गुंगीत जे मनात ठसलंच नाही, ते बहुधा नाही येणार."

त्यानंतर बाई दुपारी नवऱ्याच्या खोलीत दार लावून बसत. भिंतीकडे बघत. मुलाला ते बघवेना. एका संध्याकाळी तो जवळ येऊन बसला. "आई, मला आता आठवलं. दाराबाहेर थोडं ऐकू आलं होतं. बाबा म्हणाले, तू भेटलीस हे माझं भाग्य."

असलं गोड बोलणं त्या माणसाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. बाईंनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"असं म्हणाले होय?" त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.