राजूदादाचे जोडलेले हात

आधीच सांगतो, शुद्धलेखनाच्या चुका निघतील आणि शब्दही साधेच आहेत. नववीत शाळा सोडून फुटबॉलच्या मागं लागलो, त्यामुळं सांभाळून घ्या. लोकांच्या घरात रद्दी साठते, आमच्या क्लबात राजूदादाचे किस्से साठलेत. रद्दी निदान विकली तरी जाते!

राजूदादा म्हणजे आमचा स्ट्रायकर. प्रोफेशनल! गोवा, केरळ, कोलकाता सगळीकडं खेळून शेवटी संभाजीनगरला परत आला. एका क्लबात एका सीझनच्या वर कुठंच टिकला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "डिमांड होती रे बाळा."

आमचे कोच सलीमसर हळूच म्हणाले, "डिमांड तो थी, के इसको यहाँ से ले जाओ!"

* * *

दादाचा एक नियम होता. जुन्या क्लबाविरुद्ध गोल मारला तर नाचायचं नाही, त्यांच्या माणसांकडं वळून हात जोडायचे. मोठे खेळाडू असंच करतात म्हणे. आता शहरातल्या प्रत्येक क्लबात दादा कधी ना कधी खेळलेला. म्हणजे दर मॅचला हात जोडणं आलं. पुढं पुढं तर गोल हुकला तरी जोडायला लागला!

बिडकीनच्या मॅचला एक चाचा शेजारच्याला विचारत होते, "ये कौन है मियाँ? इलेक्शन में खड़ा है क्या?"

* * *

पळणं त्याला मंजूर नव्हतं. बॉल पुढं टाकला की कमरेवर हात ठेवून बघत राहायचा. "पायात दे, पायात! केरळात पायात द्यायचे."

एकदा प्रॅक्टिसला मी अगदी पायात दिला. बुटाखालून निघून गेला.

"केरळात याच्यापेक्षा हळू द्यायचे," दादा म्हणाला.

* * *

एका मॅचला हाफटाइमला दादा सवयीनं समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन बसला. त्यांची केळी खाल्ली, त्यांच्या कोचचं भाषण ऐकलं, मानही डोलावली. सलीमसर ओरडले, "राजू, इधर!"

समोरचा कोच म्हणाला, "राहू द्या सर. तुमच्याकडं असला काय अन् आमच्याकडं असला काय, फायदा आमचाच आहे."

* * *

मीही स्ट्रायकरच, फक्त बेंचवरचा. 'सर, मला उतरवा' म्हणायला जीभच उचलत नव्हती. यंदा माझ्या वडलांनी, अप्पांनी, साफ सांगितलं, "फायनल बघायला पुण्याचा कोच येणारे ना? त्यानं नेलं तर जा. नाय नेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासंगं चितेगावला कंपनीत यायचं."

मी "व्हय" म्हणालो.

* * *

फायनलला समोर दादाचा जुना क्लब. शून्य-शून्य. मॅच संपत आली तेव्हा दादाच्या पायात गोळा आला आणि सलीमसरांनी त्याच्या जागी मला उतरवलं. "जा छोटे, शरमाना नहीं!"

आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, मी डोळे मिटून डोकं घातलं. डोळे उघडले तर बॉल जाळ्यात! पोरं अंगावर पडली. तेवढ्यात रेफरीची शिट्टी.

बॉल हवेत असतानाच राजूदादा बाहेरून लंगडत मैदानात शिरला होता आणि जुन्या क्लबाच्या लोकांपुढं हात जोडून उभा होता. आमचे बारा जण मैदानात! गोल रद्द.

"दादा, गोल व्हायच्या आधी कशाला आलास?" आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर ओरडलो.

"बाळा, होणार हे मला आधीच कळलं. प्रोफेशनल आहे मी."

पेनल्टीवर आम्ही हरलो. मग पुण्याचा कोच खाली आला. थेट माझ्याकडं. मी जर्सी नीट केली. तो माझ्या बाजूनं पुढं गेला आणि राजूदादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असे संस्कार हल्ली बघायला मिळत नाहीत हो. पुण्याला येता का?"

सलीमसर गवतावर खालीच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांबरोबर मुकुंदवाडीच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत होतो. समोरून एक रिक्षा आली. मागं भली मोठी बॅग, पुढं राजूदादा. मला बघून त्यानं रिक्षा हळू करायला लावली, माझ्याकडं वळला आणि हात जोडले.

"कोण रं हे?" अप्पा म्हणाले. "लई संस्कारी दिसतंय."

मी हात खिशात घातले. बस आली, चढलो.