प्रफुल्लभाऊंची सोडचिठ्ठी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. कोणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. पण प्रफुल्लभाऊंबद्दल लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात आहे. रिसोडजवळच्या आमच्या मालेगावात त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते अर्धं खोटं आहे, आणि खरं सांगायला चारचौघांत माझं तोंड उघडत नाही.

ते आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाण्याच्या टाकीवर. मी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेले, तर टाकीच्या झाकणावर हा माणूस उभा. एका हातात फोन, दुसऱ्या तळहातावर उघडा लॅपटॉप, परात धरावी तसा. आमच्या गल्लीत नेट फक्त तिथंच नीट मिळायचं. मला पाहून म्हणाले, "वहिनी, भिऊ नका. मी पडत नाही. मागं एकदा पडलो, तवापासून पाय कोठी ठेवाचा ते समजलं." एवढं बोलून फोनवर पुन्हा इंग्रजी सुरू.

दुपारपर्यंत ते पोटासाठी एका कंपनीचं काम करत, खोलीत बसून, गुपचूप. दुपारनंतर टाकीवर, स्वतःच्या दुसऱ्या लॅपटॉपवर. टाकीवरचं काम फुकट होतं. कॉम्प्युटरला काय करायचं ते सांगण्यासाठी भाषा लागते म्हणे, आणि तशी एक भाषा त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी बनवली होती. नाव गोफण. कोणीही घ्यावी, वापरावी, उघडून आत काय आहे ते पाहावं, बदलावी. पैसे नाहीत. देशोदेशीची माणसं तिच्यात भर घालत. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "फुकट देता तं मंग एवढी मरमर कायले?" त्यावर ते म्हणाले, "काकू, फुकट आहे म्हनून फाटकं द्याचं नाही." हे वाक्य ते आठवड्यातून एकदा तरी म्हणत. सासूबाईंना ते पटलं नाही. फुकटच्या साड्या त्यांनी पाहिलेल्या होत्या.

या भाषेची दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती निघे. ती काढायचं काम प्रफुल्लभाऊंचं. मला त्यातलं जे समजलं ते असं: तारीख ठरली की नवीन काही घ्यायचं नाही, लग्नाच्या पत्रिका छापल्यावर नवरदेव बदलत नाहीत तसं. मग जे आहे ते तपासायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा तपासायचं. सगळं नीट झालं की एक गाठोडं बांधायचं, त्यावर सही करायची आणि जगापुढे ठेवायचं. सही म्हणजे कागदावरची नाही, त्याची एक गुप्त चावी असते. ती चावी फक्त त्यांच्याजवळ. सही नसली तर लोक गाठोडं घेत नाहीत, कोणी मधेच त्यात खडे घातले असतील म्हणून.

त्यांचा एक हट्ट होता. या कामातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी शब्द पाहिजे. "ज्याले आपल्या बोलीत नाव नाही, ते आपल्याले समजलं नाही समजा," असं ते म्हणत. त्यांचे एक-दोन मराठी सोबती होते, त्यांच्याशी ते फोनवर हेच शब्द वापरत. आणि टाकीवरून बोलणं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलणं.

आवृत्ती निघायच्या आधी लोकांना चाखून बघायला एक कच्ची प्रत देतात. तिला त्यांनी नाव ठेवलं होतं उमेदवार, आणि तिच्यात राहिलेल्या चुकांना किडे. नगरपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस होते. प्रफुल्लभाऊ वरून ओरडले, "पहिला उमेदवार पडला! आता दुसरा उभा करतो, पन त्याच्यातबी किडे आहेत." संध्याकाळी गल्लीतले दोन पुढारी पेढे घेऊन आमच्या दारात. पडला तो कोणता, आणि दुसरा कोणाचा माणूस, हे त्यांना पाहिजे होतं. प्रफुल्लभाऊंनी त्यांना खोलीत बसवून सगळं समजावून सांगितलं. दोघं बराच वेळ मान हलवत होते. जाताना एकानं माझ्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, "लई पोहोचलेला माणूस आहे. शेवटपर्यंत नाव नाही फुटू देलं."

त्यांची मला आवडणारी गोष्ट निराळी. भाषेत लिहिताना माणसाची चूक झाली की कॉम्प्युटर एक ओळ दाखवतो. त्या ओळी ते नव्या आवृत्तीसाठी मराठीत करत होते आणि मी गच्चीवर असले की वाचून दाखवत. मी मानेनंच हो-नाही सांगे. एकदा त्यांनी वाचलं, "अपेक्षित चिन्ह आढळले नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "कोनाले?" त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बरोबर आहे. हे तं तहसीलच्या नोटिशीसारखं झालं." दुसऱ्या दिवशी ती ओळ "इथे कंस बंद करायचा राहिला" अशी झाली होती. "चुकलेल्या माणसाले दाबाचं नाही वहिनी," ते म्हणाले. "कोठी चुकलं ते सांगाचं, अन् बाजूले होयाचं."

त्यांची बायको वैशालीताई. रिसोडला एस.टी.त कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी मालेगावला यायच्या, खोली झाडायच्या, टाकीखाली उभं राहून नवऱ्याशी बोलायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. लग्न झाल्यापासून प्रफुल्लभाऊंनी रिसोडला राहायला जायचं ठरलेलं होतं. वैशालीताई म्हणायच्या, "तुमचं काम टाकीवर बसून होते ना? टाक्या रिसोडलेबी आहेत." आणि प्रफुल्लभाऊ म्हणायचे, "बस, हे आवृत्ती सुटली की येतो." ती सुटायची. मग दुसरीचं सुरू व्हायचं. वैशालीताई पुढे पुढे विचारेनाशा झाल्या. मला ते बरं वाटत नव्हतं, पण ते बोलणं माझं नव्हतं.

आवृत्तीसोबत एक टिपण जातं, इंग्रजीत आणि प्रफुल्लभाऊंच्या हट्टानं मराठीतही. नवीन काय आलं, जुनं काय काढलं, काय चालणार नाही. आवृत्ती सोडताना द्यायची चिठ्ठी, म्हणून प्रफुल्लभाऊंनी तिचं नाव ठेवलं सोडचिठ्ठी. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ काय होतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण एकदा शब्द बसला की त्यांना त्याच्या बाजूचं काही दिसत नसे.

त्या दिवशी मी सोयाबीन सोंगायला शेतात गेले होते. घरी सासूबाई एकट्या, अंगणात तूर पाखडत. वरून त्यांनी जे ऐकलं ते त्यांनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं आहे. प्रफुल्लभाऊ फोनवर म्हणत होते, "सोडचिठ्ठी लिहून झाली. उद्या दहा वाजता सगळ्या जगापुढं टाकतो. नाही, आता मागं घेनं नाही. नवी आल्यावर जुनीले कोन विचारते? तरी एक वर्ष सांभाळू जुनीले. त्याच्यापुढं तिची जबाबदारी आपली नाही."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्यांनी ही गोष्ट फक्त शेजारच्या शांताबाईंना सांगितली. शांताबाई दुपारच्या गाडीनं रिसोडला माहेरी निघाल्या होत्या. गाडीत त्यांनी बाजूच्या बाईला सांगितलं, अगदी वर्षभराच्या सांभाळासकट. मागं तिकिटाची मशीन हातात घेऊन वैशालीताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "सुटे द्या मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसोडची जीप आमच्या दारात. वैशालीताई आणि त्यांचे वडील. वडील खाटेवरही बसेनात. सासूबाईंनी पाणी दिलं तर ते हातात धरूनच गच्चीकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, खाली या."

वर मोठा घोटाळा चालू होता. सुटायला थोडाच वेळ राहिला होता आणि बांधलेलं गाठोडं कुठल्याशा देशातल्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हतं. प्रफुल्लभाऊ न पाहताच म्हणाले, "मामाजी, बसा जरा. गाठोडं अडकलं आहे."

"गाठोडंबी बांधून ठेवलं म्हनते," वडील सासूबाईंना म्हणाले.

मी वर उडीद पसरवत होते. वैशालीताई जिना चढून आल्या. मला उठून जायचं होतं, पण जिन्याच्या तोंडाशीच त्या उभ्या. त्यांनी हात पुढे केला. "सोडचिठ्ठी दाखवा."

प्रफुल्लभाऊंचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दया आली. घरच्या माणसानं आजवर त्यांचं काम कधी बघायला मागितलं नव्हतं. "तुले वाचाची आहे?" म्हणत ते टाकीवरून उतरले आणि त्यांनी लॅपटॉप बायकोच्या हातात दिला. वर म्हणाले, "शुद्धलेखन पाहून घे."

वैशालीताईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, पास तपासावा तशी. वाचता वाचता त्यांच्या कपाळावरची आठी बदलली. मग त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "जुनी आवृत्ती एक वर्ष सांभाळली जाईल. त्यानंतर तिच्या तक्रारी घेतल्या जाणार नाहीत."

"कोन नाही घेनार तक्रारी?" खालून वडील. "मी बसलो आहो ना अठी."

"बाबा, हे माह्याबद्दल नाही. भाषेबद्दल आहे. कंसाबद्दल."

"कंस कोन? तो कायले मधी आला?"

प्रफुल्लभाऊंना आता कुठे उलगडा झाला. ते हसत सुटले. खाली सासूबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. वडील हातातलं पाणी एकदाचं प्याले. मीसुद्धा उडदाकडे तोंड करून हसले. हसल्या नाहीत त्या फक्त वैशालीताई.

"मले हसू काहून नाही आलं, सांगू?" त्या म्हणाल्या. "गाडीत त्या बाईनं सांगतलं, अन् मी मनात म्हटलं, असंन. माहा नवरा असं करनार नाही, हे एकडाव बी मनात नाही आलं. रात्रभर नाही आलं."

प्रफुल्लभाऊंचं हसू थांबलं. फोन वाजत होता, लॅपटॉपवर माणसं विचारत होती काय झालं म्हणून. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग बायकोकडे. शेवटी हळूच म्हणाले, "मले सांग, कोठी चुकलं?"

"पहिल्याच ओळीत," वैशालीताई म्हणाल्या. "हे आवृत्ती सुटली की येतो. किती सुटल्या आतापर्यंत?"

प्रफुल्लभाऊंनी बोटं उघडली, मोजायला लागले आणि मधेच हात खाली केला.

मग त्यांनी फोन उचलला. दूरदेशी एक बाई त्यांच्यासोबत काम करायची, तिला झोपेतून उठवलं. बोलणं इंग्रजीत झालं, मला समजलं नाही. नंतर कळलं ते असं: गाठोडं तिनं दुरुस्त करावं, सही तिनं तिच्या चावीनं केली तरी चालेल, आणि यापुढं आवृत्ती काढायचं कामही तिचंच, हे त्यांनी तिला सांगितलं आणि सगळ्यांना कळवून टाकलं. ते काम आजवर त्यांनी कोणाच्या हाती दिलं नव्हतं. लॅपटॉप मिटला, खाली आले आणि सासऱ्यांसोबत पोहे खायला बसले. दहा वाजून गेले. जगात काही झालं नाही.

आवृत्ती संध्याकाळी सुटली. न्हावी दुसऱ्याकडून दाढी करून घेताना जसा बसतो, तसे प्रफुल्लभाऊ पायरीवर बसून ती पाहत होते. सासूबाईंनी विचारलं, "सुटली का?" ते म्हणाले, "सुटली काकू. सफाईनं सुटली." तो 'सफाईनं' शब्द जरा जड गेला त्यांना.

दिवाळी झाल्यावर त्यांनी खोली सोडली. रिसोडहून टेम्पो आला. सामान चढलं, पोटापाण्याचा लॅपटॉप गादीत गुंडाळून ठेवला. वैशालीताई ड्रायव्हरच्या बाजूला बसल्या. आणि प्रफुल्लभाऊ कुठे, तर टाकीवर. त्या दिवशी नेमकी गोफणीची एक दुरुस्तीची लहान आवृत्ती निघत होती, त्या बाईच्या हातून. ते फक्त पाहायला गेले होते.

वैशालीताईंनी एकदा हाक मारली. वरून आवाज आला, "सुटूनच राह्यली, आलोच."

त्या ओरडल्या नाहीत. ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला." टेम्पो निघाला.

असा धावताना माणूस मी पाहिला नाही. जिन्यावरून, आमच्या स्वयंपाकघरातून, सासूबाईंच्या कणकेची परात ओलांडून, एका पायात चप्पल. गल्लीच्या तोंडाशी शेळ्या आडव्या आल्या म्हणून टेम्पो मंदावला, तेव्हा त्यांनी मागून फळी धरली आणि उलट्या टेबलाच्या पायांमध्ये जाऊन पडले. उठून बसले, आम्हाला हात जोडले. मग त्यांचं लक्ष आपल्या रिकाम्या हातांकडे गेलं. त्यांनी मान वर करून आमच्या गच्चीकडे पाहिलं. थांबवा म्हणायला तोंड उघडलेलं मला दिसलं. मग त्यांनी वळून केबिनच्या मागच्या काचेतून दिसणारं वैशालीताईंचं डोकं पाहिलं, आणि तोंड मिटलं.

मी वर गेले. गोफणीचा लॅपटॉप टाकीवर उघडाच होता, पडद्यावर हिरव्या ओळी सरकत होत्या. उन्हानं तापू नये म्हणून पदरात धरून मी तो खाली आणला आणि कपाटात ठेवला. आठवडाभर तो न्यायला कोणी आलं नाही.