बिनसहीचं पान

परवा खण आवरताना लाल पेन्सिलीचा एक तुकडा हाती लागला. त्याच्या लाकडाचा वास आला आणि राजाजीनगरच्या घरातली ती दुपार आठवली. समुद्राच्या तळाशी असलेल्या एकाकी संशोधन केंद्रात घडणारी भयकादंबरी मी लिहिली होती आणि ती झकास जमली आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कारखान्यात जन्मभर यंत्रांची ड्रॉइंग तपासून निवृत्त झालेले. माझं बाडही त्यांनी तसंच तपासायला घेतलं. हातात लाल पेन्सिल, शेजारी कॉफीचा लोटा आणि तपासून झालेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही. तो भयंकर जीव बाहेरून दार ढकलून आत शिरतो, तिथे पेन्सिल थांबली. "दार बाहेर उघडतं असं तूच लिहिलंयस. मग बाहेरून ढकललं की ते आणखी घट्ट बसेल. त्यात वर एवढ्या पाण्याचा दाब. हा आत आला कसा?" "आलाच नाही, अण्णा," मी म्हणाले. " तो पहिल्यापासून आतच होता." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "सरी," ते कानडीत म्हणाले, "ठीक आहे, तसं लिही." मी शेवट नव्याने लिहून दिला. दोन दिवसांनी बाड परत आलं, तेव्हा सगळ्या पानांवर सही होती, फक्त शेवटच्या पानावर नव्हती. विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अंगावर आलं ते. मला पुरतं वाचवेना." पुढे पुस्तकावर पुष्कळ अभिप्राय आले. जपून ठेवलंय ते मात्र हे बिनसहीचं पान.