प्रीतीचे पाच नियम आणि माझ्या जावेचा जवळा

डहाणूच्या आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांमध्ये प्रीती कमी पडतेय असं मला वाटलं, आणि मी नियम केले. दुसरं काय करणार? जन्मभर शाळेत शिकवलंय मी, गोंधळ दिसला की हात आपोआप फळ्याकडे जातो. नियम पाच. रविवारी उपासना झाली की एकेकीनं चिठ्ठी उचलायची. जिचं नाव निघेल तिच्यासाठी त्या आठवड्यात एक प्रेमाचं काम करायचं. पुढच्या रविवारी उभं राहून ते सांगायचं. उरलेले दोन नियम, हे तीन मोडले तर काय, याबद्दल होते.

पहिल्याच आठवड्यात एकीनं दुसरीच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं, तेही ती बिचारी शिकेकाईनं न्हाऊन केस वाळवत बसली असताना. रविवारी उभी राहून म्हणाली, "ती नको नको म्हणत होती, पण मी सोडलं नाही." मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या रविवारी माझ्या हातात चिठ्ठी आली ती माझ्याच धाकट्या जावेची. तिचं घर माझ्या दारासमोर, आणि तीन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. का, तर माझ्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात तिनं चारचौघांत सांगितलं, रस्सा खारट झालाय म्हणून! आता ती एकटी होती आणि येत्या शनिवारी वापीला मुलीकडे कायमची राहायला निघाली होती. ही अशीच न बोलता गेली तर, असं सारखं मनात यायचं. पण आधी मी बोलू? छे! रस्सा माझा होता.

मग मीच केलेल्या नियमांत मी पळवाट शोधली. काम करा असं लिहिलं होतं, बोला असं कुठे लिहिलं होतं? दुपारी ती झोपली असेल असं बघून मी झाडू घेतला. कुणी ओळखू नये म्हणून पदर डोक्यावरून ओढला आणि चष्मा काढून ठेवला. तिचं अख्खं अंगण लख्ख झाडलं. चिकूचा पाला, भुसा, सगळं गोळा करून उकिरड्यावर टाकलं आणि कंबर सरळ केली, तर ही दारात उभी.

"अहो जाऊबाई, डोळे फुटले का तुमचे? माझा जवळा!"

तो भुसा नव्हता. मुलीकडे न्यायला तिनं कोळणीकडून ओला जवळा, ती अगदी बारीक कोळंबी, घेऊन सारवलेल्या अंगणात उन्हात वाळायला पसरला होता.

"अंगणात पसरतात का कुणी?" मी उलट तिच्यावरच डाफरले.

"अख्खं डहाणू पसरतं! तुम्ही तिकडे आत डोंगराकडच्या, तलासरीच्या, तुम्हाला काय कळणार?"

तीन वर्षांचं सगळं बाहेर निघालं. भांडता भांडता दोघी उकिरड्याशी बसून पाल्यातून जवळा निवडायला लागलो. "पण रस्सा खारटच होता हं," ती म्हणाली. "दोनदा मीठ घातलं होतं मी," मी कबूल केलं. ती इतकी हसली की निवडलेला जवळा पुन्हा पाल्यात सांडला.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते काही चिठ्ठी निघाली म्हणून नाही. हे मी मुलांना शिकवत आले आणि स्वतः मात्र कायदा करून बसले. नियमानं मला तिच्या अंगणापर्यंत नेलं, हे खरं. पण ती झोपलेलीच राहिली असती तर मी तशीच घरी आले असते आणि रविवारी उभी राहून टाळ्या घेतल्या असत्या.

शनिवारी तिची पिशवी मीच स्टेशनवर नेली. ती गाडीत बसली आणि मला एकदम रडू फुटलं. "नको ना गं जाऊस," मी खिडकीशी म्हटलं.

"आता म्हणता होय, जाऊबाई?" तिनं डोळे पुसले. "मी कशाला चालले वापीला? इथे बोलायला कुणी नव्हतं म्हणूनच ना?"

गाडी सुटली.