तांदी गुरुजींची शिट्टी

तांदी गुरुजींच्या गळ्यात शिट्टी नाही असा दिवस गावाने पाहिला नव्हता. रविवारी चर्चमध्येसुद्धा ती शर्टाच्या आत असायची आणि गुरुजी प्रार्थनेला वाकले की पुढच्या बाकावर टक्‌कन आपटायची. पोरं पाठीमागे त्यांना 'फुर्र गुरुजी' म्हणत, आणि गुरुजींना ते चांगलं ठाऊक होतं.

शिट्टीचा कायदा सोपा होता. कोणी झाडावर चढलं की शिट्टी. कोणी कोणाला ढकललं की शिट्टी. पण दोघांनी एकमेकांचे हात धरून पाय उचलले, तर मात्र लांबलचक, कानाचे पडदे फाडणारी शिट्टी. ती ऐकली की हात सोडायचे आणि धावत येऊन झेंड्याच्या खांबापुढे रांगेत उभं राहायचं. शेवटी येईल त्याने पटांगण झाडायचं. एकोणीस वर्षं हे चाललं होतं आणि शाळेच्या अपघात नोंदवहीत एकोणीस वर्षांत एक ओळ पडली नव्हती. दरवर्षी शिक्षण खात्याचे साहेब यायचे, कोरी वही उघडून बघायचे, चहा प्यायचे आणि मान डोलवून जायचे. मुख्याध्यापिका येमिमाबाईंना त्या कोऱ्या वहीचा फार अभिमान होता.

हात धरून पाय उचलण्याची एवढी धास्ती कशाला, तर त्याचं नाव सिसेंबा. इथे तोराजाच्या डोंगरात भाताची कापणी झाली की रिकाम्या खाचरांत गावंच्या गावं हा खेळ खेळतात. दोन-दोन गडी घट्ट हात धरून उभे राहतात आणि समोरच्या जोडीला उडून लाथा घालतात. हाताने मारायचं नाही. पडलेल्याला मारायचं नाही. जोडीदार कलंडला तर त्याला खेचून उभा करायचा. लाथा जोरात बसल्या की पुढचं पीक जोरात येतं, असं म्हातारे सांगतात. बाप खेळणार, काका खेळणार, आज्या कडेला बसून नातवंडांना चिथावणार, आणि पोरांनी तेवढं सोमवारी शाळेत येऊन साधुसंत व्हायचं, अशी सगळ्यांची अपेक्षा.

पोरं काही साधुसंत झाली नव्हती. कापणीच्या महिन्यात निम्म्या वर्गाच्या नडग्या काळ्यानिळ्या असत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "म्हशीने लाथ मारली, गुरुजी." गावात जेवढ्या म्हशी नव्हत्या तेवढ्या लाथा बसत होत्या. गुरुजी ऐकून घेत आणि फळ्याकडे वळत. शाळेच्या आवारात काही होत नाही ना, मग झालं, असं ते स्वतःला समजावत. माणूस घाबरला की असाच वागतो. डोळ्यांसमोरचं तेवढं झाडून काढतो.

कारण तांदी गुरुजी घाबरलेले होते, आणि आज नव्हे, सेहेचाळीस वर्षांपासून. याच शाळेत पाचवीत असताना तांदी आणि त्याचा चुलतभाऊ सेसा यांची जोडी होती. शाळेमागच्या वरच्या खाचरात चोरून खेळत होते. त्या वेळचे गुरुजी काठी घेऊन ओरडत आले. तांदीने हात सोडला आणि पळाला. सेसा नेमका तेव्हा लाथ मारायला हवेत होता. तो मागे गेला, बांधाच्या दगडी भिंतीवरून दोन पुरुष खाली पडला. कमरेचं हाड मोडलं, वेडंवाकडं जुळलं. तांदीने सगळ्यांना सांगितलं, "सेसा घसरला." सेसाने कधी वेगळं सांगितलं नाही. पुढे एक शिक्षक झाला, आणि दुसऱ्याने शाळेच्या फाटकासमोर कॉफीची टपरी टाकली. रोज सकाळी तांदी गुरुजी तिथे कॉफी पीत, तीळ लावलेली, तांदळाच्या पिठाची गोड देप्पा खात, हवापाण्याच्या गप्पा मारत. त्या दिवसाबद्दल मात्र दोघांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्या बुधवारी मधल्या सुट्टीत गुरुजी पटांगणात आले आणि जागीच थांबले. पटांगण शांत होतं. पहिली-दुसरीची पिल्लं चिंचोके खेळत होती, पण पाचवी-सहावीतलं एकही पोर दिसेना. वरची खाचरं कालच कापून झाली होती.

 गुरुजी शाळेमागच्या पायवाटेला लागले. सत्तावन्न वर्षांचं शरीर, पण त्या दिवशी ते चढ कसे चढले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. वरून आवाज येत होते. दबक्या आरोळ्या, पायांची धपधप, मध्येच हसू. बांबूच्या बेटाला वळसा घालून त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा हात आपोआप शिट्टीकडे गेला.

तेच खाचर होतं. सहावीतली दोन दांडगी पोरं एका जोडीला रेटत रेटत मागे नेत होती. मागे नेत होती म्हणजे थेट बांधाकडे. जोडी पाचवीतली होती, रुबेन आणि काडीपैलवान लेबांग. दोघांची तोंडं समोरच्यांकडे, पाठ दरीकडे. लेबांगच्या टाचेपासून भिंतीची कड हातभर लांब होती, आणि तो रुबेनच्या हातावर भार टाकून एकेका लाथेला पुरता हवेत उडत होता.

शिट्टी ओठांपर्यंत आली होती. मग गुरुजींना कळलं की आपण काय करायला निघालोय. एकोणीस वर्षं त्यांनी या पोरांना एकच गोष्ट पक्की शिकवली होती. शिट्टी वाजली की हात सोडायचा आणि पळायचं.

त्यांनी शिट्टी हळूच शर्टात टाकली. छातीला ती गार लागली.

आता आवाज न करता वर जायचं होतं आणि वाटेत रिबका बसलेली होती. सहावीतली रिबका दगडावर बसून पहारा देत होती. गुरुजी दिसले की हाळी द्यायची, हे तिचं काम. तिने गुरुजींना बघितलं. तोंड उघडलं.

गुरुजींनी दोन्ही हात जोडले. हात जोडलेले गुरुजी रिबकाने जन्मात पाहिले नव्हते. ती तोंड उघडं ठेवूनच थांबली.

"ओरडू नकोस पोरी," ते कुजबुजले. "लेबांगच्या मागे बघ. फक्त बघ."

रिबकाने मान वळवली. तिने बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी हाक मारली तर..."

"तर रुबेन हात सोडेल."

"मग काय करू?"

"काही नाही. बसून राहा. मी दिसलोच नाही असं कर."

काही न करणं हे त्या वयात सगळ्यात अवघड. पण रिबका बसून राहिली, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून.

गुरुजी बांधाच्या कडेकडेने निघाले. भिंतीचे दगड जुने, शेवाळलेले. खाली म्हशींचं डबकं आणि त्याच्या भोवती धारदार खडक. गुरुजींनी खाली बघितलं नाही. खाली काय आहे ते त्यांना पाठ होतं. दहा पावलं. सात. खाचरातली पोरं खेळात एवढी बुडालेली की भूत आलं असतं तरी कळलं नसतं. समोरचा दांडगा पोर मागे सरकला, आता तो उडी घेणार होता. लेबांगचा पाय आणखी मागे आला आणि कडेचा एक दगड निखळून खाली गेला. तो डबक्यात पडल्याचा आवाज खालून आला.

गुरुजींनी शेवटची तीन पावलं उडी मारूनच टाकली आणि लेबांगचा मोकळा हात पकडला.

त्याच क्षणी लाथ आली. ती लेबांगसाठी होती, पण लागली गुरुजींच्या डाव्या नडगीवर, आणि तिचा आवाज रिबकालाही ऐकू गेला. धक्क्याने लेबांगचे दोन्ही पाय कडेवरून सुटले. आता तो भिंतीला पोट घासत लोंबकळत होता, एक हात रुबेनच्या हातात, एक गुरुजींच्या. रुबेनने बघितलं की आपल्या जोडीत तिसरं कोण आलंय, आणि त्याच्या डोळ्यांत पळण्याची नेहमीची भीती उतरली. त्याची बोटं सैल पडली.

"रुबेन," गुरुजी म्हणाले, इतक्या सावकाश की जणू फळ्यावर गणित समजावताहेत. "हात सोडायचा नाही बाळा. खेळ चालू आहे."

"पण गुरुजी, तुम्ही..."

"मी तुमच्या बाजूने खेळतोय. ओढ."

रुबेनने ओढलं. गुरुजींनी ओढलं. नडगीतून कळ मस्तकात गेली. ज्याने लाथ मारली होती तो दांडगा पोर धावत आला आणि त्याने रुबेनची कंबर धरली. लेबांग आधी कोपरांवर, मग पोटावर, मग सगळाच्या सगळा खाचरात येऊन पडला. त्याचं पोट खरचटलं होतं आणि त्याला रडावं की नाही ते ठरवता येत नव्हतं.

 पोरं सवयीने रांगेत उभी राहायला लागली. खाचरात खांब नव्हता, म्हणून गुरुजींपुढेच राहिली. गुरुजी खाली बसले होते, नडगी धरून.

"रुबेन, मी खालून शिट्टी वाजवली असती तर काय केलं असतंस?"

"पळालो असतो."

"आणि याचा हात?"

रुबेनने आपल्या हाताकडे बघितलं. लेबांगचा हात अजून त्यातच होता. "सोडला असता," तो म्हणाला. मग त्याला वाटलं की हे आपल्या अंगाशी येतंय, म्हणून घाईने पुढे म्हणाला, "तुम्हीच तर शिकवलंय, गुरुजी."

त्यात उद्धटपणा नव्हता. होती ती वस्तुस्थिती. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पोरांना वाटलं नडगी फारच दुखतेय.

शाळा सुटल्यावर गुरुजी लंगडत टपरीवर गेले. सेसाही लंगडतच उठला. "काय रे, माझी नक्कल करतोस काय?" तो म्हणाला आणि कॉफी ओतायला लागला.

"सेसा, तू घसरला नव्हतास."

सेसाने किटली खाली ठेवली नाही. पेला भरेपर्यंत तो ओततच राहिला.

"मी हात सोडला होता," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना खोटं सांगितलं."

"मला माहीत नव्हतं होय?" सेसा म्हणाला. "दुसरा हात माझाच होता की."

"मग बोलला का नाहीस एवढी वर्षं?"

"तू येत होतास रोज. कॉफी पीत होतास. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल." त्याने पेला पुढे सरकवला. "सेहेचाळीस वर्षं लावलीस की रे. कॉफीची शेतंच्या शेतं प्यायलास तू तेवढ्यात."

गुरुजींना हसू आलं नाही. सेसालाही आलं नाही. पण दोघं दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिले, आणि ते हवापाण्यावर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचवी-सहावीची पोरं शाळेशेजारच्या सपाट खाचरात जोड्याजोड्यांनी उभी होती. आजूबाजूला ना बांध, ना दगड. गुरुजी काठी टेकून समोर उभे होते.

"मी शिट्टी वाजवणार. जोरात. काहीही झालं तरी जोडीदाराचा हात सोडायचा नाही. मी ओरडलो तरी नाही. साहेब आले तरी नाही. कळलं?"

पोरांनी माना हलवल्या. शिट्टी वाजली आणि निम्म्या जोड्या सुटल्या, चार पोरं तर सवयीने पार खांबापर्यंत पोचली. गुरुजींनी त्यांना परत बोलावलं. पुन्हा वाजवली. पुन्हा तीन हात सुटले. फाटकात सेसा येऊन उभा राहिला होता. पाचव्या खेपेला शिट्टी एवढी लांब वाजली की चिंचोके खेळणारी पिल्लं कान दाबून बसली, पण खाचरातला एकही हात सुटला नाही.

आवाज ऐकून येमिमाबाई बाहेर आल्या. त्यांनी जोड्या बघितल्या, मग गुरुजींची पट्टी बांधलेली नडगी बघितली.

"गुरुजी, हे काय चाललंय? आणि पायाला काय झालं?"

"नोंदवही द्या बाई."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "पुढच्या महिन्यात साहेब येणार आहेत. एकोणीस वर्षांची कोरी वही आहे ती."

"म्हणूनच द्या."

वही आली. गुरुजींनी ती काठीच्या मुठीवर टेकवली आणि पहिली ओळ लिहिली. तांदी, शिक्षक. डावी नडगी. कारण, खेळताना लाथ लागली. खाली लेबांगचं खरचटलेलं पोट लिहिलं. मग थोडं थांबून त्यांनी तिसरी ओळ लिहिली आणि वही बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती मोठ्याने वाचली. "सेसा, इयत्ता पाचवी. कमरेचं हाड. कारण, तांदीने हात सोडला." त्यांनी चष्मा वर केला. "गुरुजी, ही तारीख सेहेचाळीस वर्षांपूर्वीची आहे."

"हो," गुरुजी फाटकाकडे बघत म्हणाले. "तेव्हा नोंद चुकीची लिहिली गेली होती."