आनंदाबाईंचा गोळाभात

विदर्भातल्या आंजी गावात हातभट्टीची मडकी फोडायला ज्या बाया निघाल्या होत्या, त्यांच्यात आनंदाबाई सगळ्यांत पुढे होत्या. त्यांचा नवरा नत्थूजी मोहाच्या दारूने गेला होता. दारूबंदीच्या जिल्ह्यात चोरून मिळणारी दारूच त्याला पुरून उरली. त्यामुळे शेतकी शिकलेली त्यांची लेक अंकिता नाशिककडे वाईन करणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हा आनंदाबाई कोणाशी काही बोलल्या नाहीत. लेकीचा फोन आला की कापूस वेचून झाला का, थंडी किती, एवढंच बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या.

या फेब्रुवारीत ऐन द्राक्षतोडणीच्या हंगामात अंकिता सुट्टी काढून घरी आली. सोबत द्राक्षांचं खोकं. मणी बारके, हिरवट पिवळे, आत बिया.

आनंदाबाईंनी एक तोंडात टाकला. आधी गोड लागला, मग जीभ आंबली.

"हे कोणतं व?"

"शेनिन ब्लांक. मूळचं फ्रान्सचं, तिथल्या लवार नदीकाठचं. तिथून दक्षिण आफ्रिकेत गेलं, अन् आता आपल्या दिंडोरीत. याचीच पांढरी वाईन होते."

आनंदाबाईंनी बी थुंकली आणि खोकं बाजूला सरकवलं.

अंकिताने खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात आमच्याकडे पाहुण्यांचं जेवण आहे, विदर्भाचं. या वाईनसंग कोणता पदार्थ जमते ते मलेच ठरवायचं आहे. तिथं गोळाभात कोणालेच येत नाई. मले शिकव."

"म्हणजे लोकं पेतीन, अन् त्याच्यासंग माह्या हातचा गोळाभात खातीन?"

"माह्या हातचा खातीन. तू नको येऊ. फक्त शिकव."

आनंदाबाई उठल्या. रागावल्या असाव्यात असं अंकिताला वाटलं, पण त्यांनी डब्यातून चण्याच्या डाळीचा भरडा काढला. गोळे वळताना त्यांनी सवयीने मूठभर तिखट घेतलं, तर अंकिताने हात धरला.

"एवढं नको. तिखट झालं की ही वाईन कडू लागते. सावजी रश्श्यासमोर तं तिचं काहीच चालत नाई. तळलेलं, आंबट, बेताचं तिखट, असं लागते तिले."

"तू पेतेस का?"

"चाखा लागते. चाखून थुका लागते."

भात शिजत आला. वरून घालायचं तेल कढत होतं. आनंदाबाई त्याच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "तुह्या बापासारखे येतात का तिथं?"

अंकिताने खोटं सांगितलं नाही. "येतात कधीमधी. मी त्याइचा ग्लास भरत नाई. साहेब रागावतात, पण नाई भरत."

आनंदाबाईंनी तेलात मोहरी टाकली. तडतड थांबली. मग लेकीच्या ताटात भात वाढून त्यावर फोडणी ओतली. "नाईच भरजो," म्हणाल्या. "नोकरी गेली तं आंजीत ये."

पाहुण्यांनी मागून मागून खाल्ला, गोळाभात पुरला नाही, असं नंतर अंकिताने फोनवर सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच आनंदाबाईंनी विचारलं, "वेली कशा आहेत व तुह्या?"

ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर त्या स्वतःच दिंडोरीला गेल्या. जिथे वाईन मुरवतात त्या खोलीच्या दारातूनच परतल्या. तिथला आंबूस वास त्यांना सोसवला नाही. अंकितानेही आग्रह केला नाही. आनंदाबाई मळ्यात गेल्या आणि फांद्या बांधणाऱ्या बायांसोबत बांधावर भाकरीची शिदोरी सोडून बसल्या. बोली वेगळी होती, तरी बोलणं जमलं.

जेवता जेवता त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोणी पेते का व?"

मग एकीने पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याचं सांगायला सुरुवात केली. सावली बांधावरून सरकली तरी आनंदाबाई तिथेच बसून ऐकत होत्या.