शंभर टक्के निकाल

कुणी नाव कमी करायचं म्हटलं, की आमचे हेडमास्तर हजेरीपटावर पंजा ठेवायचे. "नाम नहीं कटेगा जी," एवढंच म्हणायचे आणि चहा मागवायचे.

चंदीगडहून बसने तासाभरावर त्यांचं सरकारी हायस्कूल. नवरा हवाई दलात, घरी नुसतं बसवेना, म्हणून मी तिथे गणित शिकवत होते. शाळा तुम्हीही पाहिल्या आहेत, तेव्हा नवल वाटणार नाही. नववीतल्या कच्च्या मुलांना 'बाहेरून परीक्षा द्या' म्हणत दाखला हातात ठेवायचा, की दहावीचा निकाल आपोआप चकचकीत. समोरची खासगी शाळा तेच करायची आणि शंभर टक्क्यांचा फलक लावायची. तिने टाकलेली मुलं आमचे मास्तर घ्यायचे. मग आमचा निकाल जेमतेम लागायचा आणि लोक फलकाकडे वळायचे.

एप्रिलमध्ये आम्ही घरोघर मुलं मागत फिरायचो. एका बाईने मला विचारलं, "मॅडमजी, आपका बेटा किस स्कूल में है?" माझा मुलगा चंदीगडच्या इंग्रजी शाळेत. मी ओढणी सारखी करत राहिले. मास्तर म्हणाले, "मेरी बेटी हमारे यहाँ ही है जी. पिछले साल फेल भी हुई." प्रवेश अर्थातच मिळाला नाही.

पुढे वरून तंबी आली: निकाल सुधारा, नाहीतर नववी-दहावी बंद. नेमकी तेव्हा मास्तरांची बायको चंदीगडला सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात दाखल झाली आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. मी नववीतल्या पाच मुलींची नावं कापली. शाळा वाचवायची होती, असं मी आजही म्हणते. एकीने तर दाखला घेऊन "थँक्यू मॅडमजी" म्हटलं.

पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. पण त्या पाचजणी गेल्यामुळे पट सरकारने ठरवलेल्या किमान आकड्याखाली घसरला होता. वर्ग बंद झाले. नावं कापताना उरलेली मुलं मोजायचं मला, गणिताच्या बाईला, सुचलं नव्हतं.

मास्तरांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "आपने स्कूल के लिए ही किया," ते म्हणाले. तो चांगुलपणा मला अजून सोसत नाही.

ते निवृत्त झाल्यावर धीर करून मी फोन केला. त्यांच्या पत्नीने उचलला; आता त्या बऱ्या होत्या.

"घर पे कहाँ टिकते हैं जी! उन पाँच में से चार लड़कियों का दसवीं का फॉर्म भरवा दिया. पाँचवीं की शादी हो गई, उसका ससुराल ढूँढने गए हैं."